श्वासाच्या खुणा

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय, माझाच बसत नाही. पण तारखा आणि वेळा मी तेव्हाच्या तेव्हा वहीत लिहून ठेवल्या होत्या. खाली आहे ते त्या वहीतलंच.

गेल्या वर्षीचा मार्च. परळ. विहाराच्या मागची, बँडच्या तालमीची खोली.

दगडू मास्टर म्हणजे माझे मोठे पप्पा, वडिलांचे थोरले भाऊ. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी ब्रास बँड उभा केला. स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. दादरच्या एका गोवेकर मास्टरांकडून पाच रेघांचं नोटेशन शिकले होते. एक्केचाळीस चाली त्यांनी स्वतः बांधल्या.

त्यांचा एक नियम होता. पानावर जिथे श्वास घ्यायचा, तिथे स्वल्पविरामासारखी लाल खूण. खूण असेल तिथेच श्वास. मध्येच कुणी घेतला की ओरडायचे, "ए, चोरलास!"

शेवटच्या वर्षांत त्यांच्या पानांवरच्या लाल खुणा वाढत गेल्या. छातीत गिरणीतली कापसाची धूळ होती.

त्यांच्या वह्या मीच स्कॅन करून टॅबलेटवरच्या नोटेशनच्या अ‍ॅपमध्ये भरल्या. मोठे पप्पा बोटाने त्यावर खुणा करायला शिकले. मग चाळ पाडणार म्हणून ट्रान्झिट कॅम्पच्या घरात जाताना मीच म्हणाले, "आता वह्या कशाला?" वह्या रद्दीत गेल्या.

फेब्रुवारीत मोठे पप्पा गेले.

मार्चमध्ये टॅबलेट अडकायला लागला, म्हणून मी अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं. उघडलं...

आत काहीच नव्हतं.

हितेंद्रदादा, मोठ्या पप्पांचा मुलगा, माझ्यावर ओरडला नाही. ते जास्त लागलं.

"संघा, चौदा एप्रिलला मिरवणुकीत पप्पांची शेवटची चाल वाजवायचीय. मला पहिल्या चारच ओळी येतात गं."

मोठी आई आतून म्हणाली, "माणूस गेला तो गेला. त्याच्या चालीपण घालवल्यात तुम्ही."

आठ दिवस मी शोधत होते. क्लाउड, ईमेल, मेमरी कार्ड. शेवटी कपाटातल्या माझ्या जुन्या मोबाइलवर बॅकअपची एक फाइल सापडली. तारीख तीन फेब्रुवारी. मोठे पप्पा जाण्याच्या सहा दिवस आधीची.

एक्केचाळीस चाली परत आल्या. खुणांसकट.

शेवटच्या चालीवर सत्तावीस लाल खुणा होत्या. मी मोजल्या. मोजायची सवयच आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्या...

चोवीस.

वाटलं, काल चुकले असेन. तिसऱ्या दिवशी एकवीस. "शेवटचा बदल" या रकान्यात रोज एकच वेळ. दुपारी तीन चाळीस.

गिरणीची पाळी साडेतीनला सुटायची. तिथून ही खोली दहा मिनिटांवर. गिरणी बंद पडल्यावरही मोठे पप्पा त्याच सवयीने, आयुष्यभर, तीन चाळीसला तालमीला यायचे.

मी टॅबलेटचं नेट बंद केलं. तो माझ्या लॅबच्या लॉकरमध्ये ठेवला, चावी माझ्याकडे. चौथ्या दिवशी उघडला.

अठरा.

मी स्वतः लाल खुणा पुन्हा घातल्या. तीन चाळीस झाले... आणि त्या गेल्या.

हे मी दादाला दाखवलं. त्याने पानावरून बोट फिरवलं.

"नको घालूस परत. पप्पांनीच काढल्यात."

"दादा, पप्पा नाहीयेत."

"म्हणून तर," तो हसून म्हणाला. "आता त्यांना कशाला लागतायत!"

आठ एप्रिलला पान स्वच्छ झालं. वरपासून खालपर्यंत एकही खूण नाही.

त्या दिवशी तालमीत दादाने मोठ्या पप्पांच्या क्लॅरिनेटवर ती चाल पहिल्यांदा पूर्ण वाजवली. पानावर होती तशी.

मी घड्याळ लावलं. एक मिनिट... दीड... दोन...

सूर कुठेच तुटला नाही.

ढोल वाजवणारा रघुवीर म्हणाला, "नाकाने ओढत असणार गं. मोठे वादक वाजवता वाजवता ओढतात तसं." असेल. म्हणून मी दादाच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिले. पुन्हा वाजवायला लावलं. नाकाकडे बघत राहिले.

तो ओढत नव्हता.

चौदा एप्रिल. मिरवणूक आमच्या ट्रान्झिटच्या इमारतीसमोर आली तेव्हा दादाने मोठ्या पप्पांची चाल वाजवली. दोन मिनिटं अडतीस सेकंद. आजूबाजूची माणसं गप्प झाली. मोठी आई गॅलरीत हात जोडून रडत होती. माझी चूक भरून निघाली, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं.

मग आम्ही सरबताच्या टेबलाशी बसलो.

"दमलास?"

"जरापण नाही."

बँडचा गणवेश त्याला घट्ट होता. छातीवर पितळेची सहा बटणं. ऊन पडून चमकत होती. मी सहज बघत होते...

बटणं हलत नव्हती.

बोलायचं असलं की त्याची छाती भरायची. वाक्य संपलं की स्थिर. मग पुढचं वाक्य येईपर्यंत काही नाही.

मी मोजलं. तीन मिनिटं दहा सेकंद.

"काय बघतेस?" त्याने विचारलं. त्यासाठी आधी श्वास घेतला.

याला आता वर्ष होईल. दादा ठणठणीत आहे. कामावर जातो, जेवतो, माझी टिंगल करतो. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतो, "काय सांगू त्यांना?" मोठ्या आईने मात्र तिचं अंथरूण स्वयंपाकघरात हलवलंय. कारण विचारलं तर एवढंच म्हणाली, "तो झोपला की खोलीत काहीच ऐकू येत नाही गं."

गेल्या आठवड्यात दादाने उरलेल्या चाळीस चाली मागितल्या. बँडमधल्या सगळ्यांना शिकवायच्यात. पाठवण्याआधी मी टॅबलेट उघडला.

चाळीसही पानं स्वच्छ होती.

बँडमध्ये अजून सोळा वादक आहेत. आणि जुना मोबाइल आता चालूच होत नाही; या चालींची दुसरी प्रत कुठेच नाही.

मी पाठवलेलं नाही. पुसलेलंही नाही.

काल दादाचा फोन आला. "पाठवतेस ना, संघा?"

मी गप्प राहिले. तोही गप्प राहिला. मी मोबाइल कानाशी घट्ट धरून ऐकत होते...

पलीकडे काहीच नव्हतं.