ठोक्याची नोंद

"आई, मनगटाला माझा ठोका लागला की मगच पहिला घास घे. नाही लागला, तर उपाशी राहू नकोस."

टायटनवरच्या खाणीत जाताना हृषीकेश एवढं सांगून गेला. पहिलं वाक्य शालिनीकाकूंनी नेम म्हणून धरलं. दुसऱ्याची वेळच आली नाही. रोज पूजा आटोपली की त्या मनगटपट्टीवर बोट ठेवत. ठोका लागे. मग ताट वाढून घेत.

अशा पट्ट्या आता घरोघरी होत्या. दोन माणसांच्या नाड्या जाळ्यातून जोडणाऱ्या या सोयीला 'नाडीबंध' म्हणत. कोणता बंध जिवंत, कोणता संपला, याची नोंद यंत्रप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, ठेवी. बंध लाखांनी वाढले तेव्हा ठोके पोचवायचं काम त्यानं प्रत्येक टोकाच्या वेगळ्या चिपवर सोपवलं. स्वतः तो फक्त विचारत राहिला: चालू आहे ना?

"आणि ती चिप काय सांगायची?" काकूंनी विचारलं.

समोर शेजारची ऋता बसली होती. या गाभ्याची दुरुस्ती तिच्याकडे होती.

"चालू आहे, असंच. पलीकडून काही आलं नाही की चिप स्वतःच हाक मारते, 'आहेस का?' स्वतःच्या त्या हाकेलाच तिनं बंध चालू असल्याची खूण मानलं. उत्तर आलं का, हे कुणी मोजलंच नाही."

"म्हणजे पोर गैरहजर, आणि मॉनिटरच 'हजर' म्हणतोय." काकूंनी शाळेत शिकवण्यात जन्म काढला होता. "पण मला ठोका लागतो गं. आजही लागला."

"नोंद जिवंत असली की पट्टी शेवटची लय चालू ठेवते. खंड पडला तर माणसं घाबरतात, म्हणून. श्रावणातल्या सौरवादळापासून खाणीचा संदेश नाही. पण सगळ्यांच्या नाड्या चालू दिसत होत्या. म्हणून शोधायला यान गेलंच नाही."

काकूंनी पुन्हा पट्टीवर बोट ठेवलं.

"मी आता दुरुस्ती तयार केली आहे: पलीकडून उत्तर आलेलं असेल, तरच नोंद राहील. चंद्रावरच्या जाळ्यात करून पाहिलं. काही बंध असे निघाले काकू, की दोन्हीकडे माणूसच नव्हतं. दोन चिपा एकमेकींना हाका मारत होत्या."

"मग इथं करत का नाहीस?"

"गावातल्या किती पट्ट्या थांबतील, ठाऊक नाही. मागच्या आळीतल्या रुबीनाचा सलीम हृषीकेशच्याच पाळीत आहे. तिला सांगायला पाय उचलत नाही माझा."

"आणि नाही केलंस, तर कुणी उरलं असलं तरी यान निघायचं नाही." आमटीत मीठ कमी आहे म्हणावं, तशा आवाजात काकू बोलल्या. "रुबीना एकटी असताना तिची पट्टी थांबायला नको. मी जाऊन बसते तिच्याजवळ, शब्द देते तुला. आधी माझी बघ."

ऋतानं टॅबवर आज्ञा दिली. चिपनं मागची उत्तरं मोजली.

"लागतोय?"

"नाही."

दोघींपैकी कुणी रडलं नाही. काकू उठल्या. चपला पायात सरकवून त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं आणि मागच्या आळीकडे निघाल्या.