अंगठ्याच्या नखाएवढे शिंपले

सकाळी सातला व्हर्लिन टॉर्विक दारात हजर. हातातल्या डब्यात मूठभर पट्टेरी शिंपले.

"फवाऱ्यांच्या नळीत हेच तुंबले होते, इर्माबाई. सातवी हिरवळ पाण्यावाचून करपली. दुपारी बाराला क्लबची कमिटी मला कामावरून काढतेय."

बावीस वर्षं त्याने गोल्फ मैदानाचं गवत राखलं होतं. इर्मा सॅलिनेन पूर्वी सरोवरांवर बोटी तपासायची, असले उपरे शिंपले चिकटून येतात का ते बघायला. आता असली कोडी सोडवते. तिने एक शिंपला अंगठ्याच्या नखाला लावला. बरोबर तेवढाच.

"तळ्यात पाणी कुठलं?"

"बोअरचं. शरदात तळं उपसून तळ घासला. मेमध्ये भरलं."

आता ऑगस्ट, म्हणजे तीन महिने. इर्माचा मेहुणा ऑरिन म्हणाला, "मग तो पाणबुड्याच. बुडालेले चेंडू काढत गावोगावची तळी पालथी घालतो, तिथूनच आणले असतील."

पाणबुड्या टू व्हांग काठावर चेंडू धूत होता. "घ्या, गरीब सापडला! माझा पोशाख आठवडाभर उन्हात असतो. शिंपले मधोमध, बदकांच्या तराफ्याखाली बोचतात. काठाला नावालाही नाहीत."

तराफा दिला होता क्लबचे अध्यक्ष डेल्बर्ट हाउगेन यांनी, जूनमध्ये. "कोरा करकरीत," ते म्हणाले. "दिवंगत पत्नीच्या नावाची पाटी आहे त्यावर."

"पाटीचे स्क्रू गंजलेत," ऑरिन इर्माच्या कानाशी पुटपुटला. "चिंगूस आहे म्हातारा."

बाराला कमिटी तळ्याकाठी जमली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देताय," इर्मा म्हणाली. "हे शिंपले नखाएवढे, म्हणजे निदान दोन उन्हाळ्यांचे. तळं तीन महिन्यांचं. टूच्या ओल्या कपड्यांतून आली असती ती डोळ्यांना न दिसणारी पिल्लं. आज फार तर वाटाण्याएवढी असती. हे मोठे होऊनच आले, कशाला तरी चिकटून, आणि सुटून नळीत ओढले गेले. ऑरिनला गंजलेले स्क्रू दिसले. दोन महिन्यांत इतका गंज चढत नाही. तराफा ओढा, उलटा करा."

टूने ओढला. खालची बाजू शिंपल्यांनी काळी पडली होती.

डेल्बर्ट बाकावर बसले. "सरोवरावरचं घर विकलं. एडना यावरच बसून पाय पाण्यात सोडायची. दुसऱ्या पाण्यात टाकण्याआधी तीन आठवडे वाळवायचा नियम ठाऊक होता. घर घेणारा दुसऱ्या दिवशी येणार होता. टाकून येववेना."

"आणि मला घालवणं जमत होतं," व्हर्लिन म्हणाला.

 कमिटीतला कुणीतरी व्हर्लिनला काढण्याच्या नोटिशीचा कागद घडी करून खिशात घालत होता.

व्हर्लिनने तराफ्यावरून हात फिरवला. "थंडीत तळं उपसून गोठू देऊ, मरतील सगळे. हा माझ्या शेडमध्ये वाळवतो. वसंतात परत टाकू." मग डेल्बर्टकडे वळून म्हणाला, "पाटीला पितळी स्क्रू लागतील. ते तेवढे तुम्ही आणा."