पडलेल्या माणसावरचा घाव

साल १९५८. ऑगस्टचा पहिला सोमवार. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे कडाक्याची थंडी, कोरडा वारा, आणि जमिनीचं तोंड उघडं असण्याचा महिना. त्या महिन्यात जमिनीला खायला द्यावं लागतं. नाही दिलं तर ती आपल्या हाताने घेते.

त्या सोमवारी सकाळी मी सातुर्निनाच्या दारात गेलो. तिच्या नवऱ्याचे बारा लामा, म्हणजे लांब मानेची ओझ्याची जनावरं, घ्यायचे, मिठाच्या सपाटीवर जायचं, मीठ तोडायचं, लादायचं आणि तिच्या अंगणात आणून टाकायचं. जायचे-यायचे मिळून सात दिवस. ते सात दिवस माझ्यावर बाकी होते. आदल्या वर्षी तिचा नवरा इवारिस्तो माझ्या लामांबरोबर आठवडाभर राबला होता. तू माझ्या कामाला आलास की मी तुझ्या कामाला यायचं, याला आम्ही आयनी म्हणतो. माणूस मेला म्हणून आयनी मरत नाही. ती त्याच्या घराला फेडायची असते.

इवारिस्तो मेला तो माझ्या हातून.

यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्या गावाने पाहिलं होतं. मे महिन्यात क्रुसाच्या सणाला वरची आळी आणि खालची आळी चौकात समोरासमोर येतात आणि टिंकू होतो, म्हणजे मुठींची मारामारी. रक्त जमिनीवर सांडलं पाहिजे, तर पीक येतं. एखादा मेला तर कोणी पोलिसांकडे जात नाही, कोणी वैर धरत नाही. इवारिस्तो वरच्या आळीचा, मी खालच्या. वर्षभर आम्ही एका थाळीत जेवायचो आणि त्या एका दिवशी एकमेकांची तोंडं फोडायचो. दोन वर्षं लागोपाठ त्याने मला लोळवलं होतं. तिसऱ्या वर्षी, म्हणजे याच मे महिन्यात, तो पडला. पडता पडता हसला आणि म्हणाला, "शेवटी जमलं म्हणायचं तुला."

टिंकूत नियम एकच आहे. पडलेल्याला मारायचं नाही.

तो उठायला पालथा झाला. माझ्या मुठीत दगड होता. मी त्याच्या मानेच्या वर, कवटीच्या मागच्या बाजूला मारला. एकदाच. ओल्या मडक्यासारखा आवाज झाला. भोवती दोनशे माणसं भिडलेली, धूळ उडालेली. दगड कोणी पाहिला नाही असं मला वाटलं. दगड मी त्याच रात्री नदीत टाकला.

सातुर्निनाने लामांच्या दोऱ्या माझ्या हातात दिल्या. म्हणाली, "माकारियो येईल तुमच्याबरोबर, भावजी. जनावरं त्याला ओळखतात."

माकारियो इवारिस्तोचा धाकटा भाऊ. वीस-एकवीस वर्षांचा, तोंडाचा पट्टा कधी न थांबणारा. वाटेला लागलो तसा म्हणाला, "तिबुर्सिओभाऊ, तुमच्या चालीने गेलो तर मीठ मिळायच्या आत त्याचं पाणी होईल."

"बोलण्यात दम घालवू नकोस."

"दादाही हेच म्हणायचा. तो मेला, मी बोलतोच आहे."

मंगळवारी दुपारी आम्ही सपाटीच्या काठाला पोचलो. तिथे वाटसरूंनी रचलेला दगडांचा ढीग आहे. मिठावर उतरण्याआधी प्रत्येकाने चघळायच्या कोकाच्या पानांची एक जुडी त्यावर ठेवायची. ज्याची जुडी ठेवली त्याने प्रवास पुरा करायचा, मधून परतायचं नाही. अकरा वर्षं मी त्या ढिगापाशी इवारिस्तोबरोबर आलो होतो, आणि दोघांच्याही जुड्या मीच ठेवायचो, कारण त्याचे हात लामांच्या दोऱ्यांत गुंतलेले असायचे. मी दोन ठेवल्या. माकारियोने स्वतःची ठेवली.

"ती कोणाची?" माकारियोने विचारलं.

मी पाहिलं. तीन जुड्या, आणि माणसं दोन. ठेवलेली जुडी उचलता येत नाही.

"सवय," मी म्हणालो.

माकारियोने ढिगाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "भाऊ... ऑगस्ट आहे."

मिठावर सावली नसते. झाड नाही, गवत नाही, पक्षी नाही. वर निळं, खाली पांढरं, आणि मध्ये आपण. डोळे जाऊ नयेत म्हणून गालांना काजळी फासायची आणि टोपी खाली ओढायची. मीठ पायाखाली कुरकुरतं. माणसाचा पाय वेगळा वाजतो, लामाचा वेगळा. बुधवारी सकाळपासून मला माणसांचे पाय तीन जोड्या ऐकू येत होते. आम्ही थांबलो की ते एक पाऊल उशिरा थांबत.

मी मागे वळून पाहिलं नाही. माकारियोने पाहिलं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"मग चेहरा कशाला उतरला?"

"कोणी नाही म्हणूनच, भाऊ..."

गुरुवारी भर दुपारी आम्ही मीठ तोडत होतो. पाठीला पाठ लावून, कुऱ्हाडीने, विटेसारखे चौकोनी ठोकळे. वीस पावलांवर लामा बसलेले. पुढारी लामाच्या गळ्यात घंटा होती, तो रवंथ करताना ती हलकी वाजायची. ती वाजायची थांबली. मी मान वर केली.

पुढारी आडवा पडला होता. कवटीचा मागचा भाग आत गेलेला, एक डोळा बाहेर आलेला. पांढऱ्या मिठावर रक्त पसरत होतं आणि त्यातून वाफ निघत होती. बाकीचे अकरा जागचे हलले नव्हते. त्यांनी ओरडा केला नव्हता. सगळे एकाच दिशेला, आमच्या मागे, पाहत होते.

चहूबाजूंना दिवसभराची वाट मोकळी दिसत होती. मुंगी आली असती तरी दिसली असती.

माकारियो माझ्या कुऱ्हाडीकडे पाहू लागला, मी त्याच्या. दोन्हींवर मीठच होतं. त्याने गुडघ्यावर बसून जखमेत बोट घातलं.

"कुऱ्हाड नाही," तो म्हणाला. "दगड आहे."

मिठावर दगड नसतो. दोन दिवस चाललो तरी खडा सापडत नाही. आम्ही दोघांनी ते मनात म्हटलं, तोंडाने नाही. जनावर तिथेच सोडलं, अकरांवर ओझी चढवली आणि परतीला लागलो. त्या दिवसापासून माकारियो माझ्या पुढे चालेना, आणि मी त्याच्या पुढे चालेना. आम्ही खांद्याला खांदा लावून चाललो. तिसरे पाय मागे वाजत राहिले. मला तेव्हाच कळलं होतं की घर गाठायचं की नाही हे आता माझ्या हातात नाही.

शनिवारी आम्ही मिठाबाहेर पडून चढावर आलो. तिथे इंका राजांच्या वेळचं उतारघर आहे. छप्पर गेलं, भिंती उभ्या. दगडाला दगड असा बसवलेला की मधे सुरीचं पातं जात नाही. वारा चुकवायला आम्ही दुपारी भिंतीआड बसलो. मी सुकं मांस काढलं. माकारियोने हात पुढे केला नाही.

"दादाला वहिनीने धुतला," तो म्हणाला. "डोकं मी धरलं होतं."

मी चावत राहिलो.

"पुढे एक जखम होती. कपाळावर. ती टिंकूची. मागची कोणाची, तिबुर्सिओ?"

नुसतं तिबुर्सिओ म्हणाला. भाऊ नाही म्हणाला.

"पडताना लागली असेल."

"पालथा पडला होता तो. कपाळ जमिनीला, आणि कवटी फुटली मागून?"

मी मूठ मारली. त्याचे पुढचे दोन दात गेले. तो रक्त थुंकत अंगावर आला. मी त्याचा कान धरून डोकं भिंतीवर आपटलं, त्याने माझ्या बरगडीत गुडघा घातला, एक बरगडी मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. तो तरुण होता, मी छत्तीसचा. शेवटी मी उताणा पडलो आणि त्याने भिंतीतून सुटलेला एक दगड दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. माझ्या तोंडावर त्याचं रक्त टपकत होतं. मी डोळे मिटले नाहीत.

त्याने दगड बाजूला फेकला.

"पडलेल्याला मारायला मी तिबुर्सिओ नाही," तो म्हणाला. "ऊठ. घरी जाऊन वहिनीला सांग."

मी पालथा होऊन हात टेकले, उठायला. माकारियो माझ्या समोर होता, चार पावलांवर, दोन्ही हात रिकामे. मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे पाहत होता. आणि त्याने टोपी काढली, घरातलं मोठं माणूस आलं की काढतात तशी.

घाव मानेच्या वर बसला. ओल्या मडक्यासारखा आवाज झाला, या वेळी आतून. तोंडात माती गेली. उजव्या कानाचं ऐकणं तिथेच संपलं, ते आजपर्यंत. मी दुसऱ्या घावाची वाट पाहत पडून राहिलो. मागे कोणाला तरी धाप लागली होती, त्या श्वासाला कोकाचा वास होता.

"दादा..." माकारियो म्हणत होता, "दादा, पुरे... घाव एकच होता तो..."

बऱ्याच वेळाने मी उठलो. शेजारी दगड पडला होता. गोल, गुळगुळीत, नदीतला, मुठीत मावेल एवढा. एका बाजूला माझं रक्त होतं, ओलं. दुसऱ्या बाजूला सुकलेलं, काळं, केसांसकट. आम्ही तो उचलला नाही.

रविवार आणि अर्धा सोमवार आम्ही चाललो. मोडक्या बरगडीने, फुटक्या डोक्याने मी अकरा लामांची ओझी रोज उतरवली आणि चढवली, कारण काम माझं होतं. एक दिवस जास्त लागला, तो माझा. पाय किती वाजतात ते मी गावाच्या वेशीवर मोजायचं सोडलं.

तिथे ओझी घेऊन माकारियो मागे राहिला. मी टोपी कानांखाली ओढली, जखम झाकली आणि सातुर्निनाच्या दारात गेलो. आमच्या पुढे गावात कोणी गेलं नव्हतं.

तिने चुलीवरून पाणी उतरवून ठेवलं होतं. शेजारी धुतलेलं फडकं, आणि वाटीत मीठ.

"बसा, भावजी," ती म्हणाली. "टोपी काढा."

मी काढली. तिने केस बाजूला केले आणि जखमेत बोट ठेवलं. आत कुठवर जातं ते पाहिलं, कडेने फिरवलं. नवऱ्याला धुताना फिरवलं असेल तसं.

"हो," ती म्हणाली. "एवढीच."

मग तिने मिठाच्या पाण्याने जखम धुतली. अंगणात लामा शिरल्याचा आवाज आला, माकारियो ठोकळे उतरवू लागला.

"आठवडा फिटला, वहिनी," मी म्हणालो.

"फिटलं," ती म्हणाली, आणि फडकं पिळलं.