वाच परत

दुपारी साडेचारला आमचा कॉम्प्युटर सगळ्या फायलींच्या प्रती काळ्या डिस्कवर उतरवतो आणि यादी दाखवतो. चहा टाकायची वेळ मला त्यावरूनच कळते.

यांची नजर अधू झाल्यापासून पत्रं हे बोलायचे आणि मी टाइप करायचे. तेवढ्यावरच कॉम्प्युटर शिकले. बोलणं रेकॉर्ड होत राहायचं. पत्र संपलं की मी म्हणायचे, "झालं." हे म्हणायचे, "वाच परत." वाचल्याशिवाय सुटका नव्हती.

शेवटचं पत्र चष्म्याच्या दुकानाला होतं. दोन महिने काच बसवली नाही म्हणून. दूध उतू जाईल म्हणून मी मधेच उठले. "उद्या वाचते," म्हटलं आणि रेकॉर्डिंग बंद केलं. पहाटे हे गेले.

महिन्याभराने आवराआवर करताना ते रेकॉर्डिंग मीच पुसलं. चुकून. डिस्कवर प्रत होती म्हणून निर्धास्त होते. ती परत मागितली, तर उत्तर आलं: फाइल वापरात आहे.

रोज तेच उत्तर. चार मिनिटं बारा सेकंदांची ती फाइल यादीत मात्र वाढत होती. मी टेबलाशी जितका वेळ बसायचे, साधारण तेवढीच.

आज यांचा धाकटा भाऊ आला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो.

"प्रोग्रॅमचा दोष आहे, वहिनी. नव्या अपडेटमध्ये काढलाय." त्याने पडद्यावरची सूचना पुढे वाचली. "पण ज्यांची मूळ फाइल नाही, त्या प्रती पण साफ होणार म्हणतात."

"म्हणजे ऐकायला मिळेल, की जाईल?"

"दोन्हीपैकी एक."

"तुमच्या घरात सरळ उत्तर कुणाला येतं का, भाऊजी? आणि नाहीच केलं तर?"

"जुना प्रोग्रॅम उद्यापासून डिस्क उघडणार नाही."

मी बटण दाबलं. निळी पट्टी हळूहळू भरली.

"झालं," मी सवयीने म्हणाले.

फाइल परत आली होती.

मी हेडफोन लावले. यांचा आवाज. चष्मा, काच, दोन महिने. माझ्या बोटांची टकटक. "उद्या वाचते."

तिथे संपायला हवं होतं.

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग माझा उसासा. मग पुन्हा कप. असे कितीतरी कप.

मी एकदम शेवटाकडे सरकवलं.

"दोन्हीपैकी एक," भाऊजी म्हणत होते.

मग मी: "झालं."

खुर्ची करकरली. माझी नाही, शेजारची, यांची रिकामी.

"वाच परत."

"काय आहे, वहिनी?" भाऊजींनी विचारलं.

मी हेडफोन काढले, पत्राची फाइल उघडली आणि मोठ्याने वाचू लागले, "माननीय महोदय..."

पडद्याच्या कोपऱ्यात रेकॉर्डिंगची लांबी एकेक सेकंदाने वाढत होती.