दोन मिलिमीटर कमी

वर्कशॉपच्या दारात तो पहिल्यांदा आला, तो खांद्यावर मोटारसायकलचं चाक घेऊनच. चाकाच्या तारांमधून आत डोकावत म्हणाला, "मालक आहेत का?"

"बाबा जेवायला गेलेत. लेथवर मीच असते. बोला."

चाक एका गाडीचं, सांगाडा दुसरीचा, टाकी तिसरीचीच. भंगारातून एकेक भाग हुडकून तो स्वतःची गाडी बांधत होता. मागचं चाक सांगाड्यात मधोमध बसायला त्याला बाजूचा बुश, म्हणजे आसावर बसणारी लोखंडी नळी, हवा होता, तोही अगदी मापात.

"गाडी आहे की भानगड?" तिने विचारलं.

तो हसला. त्याच्या कानाच्या पाळीला ग्रीस लागलं होतं... तिची नजर तिथेच अडकली, आणि पहिला बुश चुकला. तो खरंच चुकला, खोटं कशाला बोला!

तिसऱ्या दिवशी खटपट्या हजर. हे नाव तिनेच ठेवलेलं. "चेन घासतेय हो," तो म्हणाला, आणि तिला इतका आनंद झाला की दुसरा बुश तिने मुद्दामच कमी कापला. मग तिसरा. मग चौथा, पाचवा. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही.

बाबा चिडायचे. "माप डोळ्यांनी घेतात, पोरी. स्वप्नात नाही!"

दीड महिन्याने तो आला आणि एका फडक्यातून पाच बुश काढून त्याने तिच्यापुढे मांडले.

"पहिला चुकला होता. पण हे चार... सगळे बरोब्बर दोन मिलिमीटर कमी. चुकणारा माणूस इतका मापात चुकत नाही."

तिचे कान तापले. "कळलं होतं, तर बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. वाटलं, तुझी नुसती गंमत चाललीय... घरी लग्नाचं विचारत होते. गाडी झाली की सांगतो, म्हणत दिवस ढकलले."

"मग आता सांग ना त्यांना! मला तू आवडतोस—पहिल्या दिवसापासून आवडतोस. झालं?"

त्याने पाचही बुश पुन्हा फडक्यात गुंडाळले.

"काल होकार दिला मी."

"मोडता नाही येणार?"

"त्या मुलीने काय घोडं मारलंय माझं? काल माझ्यासमोर बसून हसली ती... मनापासून." त्याचा आवाज फाटला. "या वेळी बरोबर करून दे. पुन्हा आलो तर मी जाणार नाही."

दोघंही एकमेकांची वाट बघत बसले होते. अशांची कधी गाठ पडते का?

तिने लेथ सुरू केला. अजूनही दोन मिलिमीटर तिच्या हातात होते. डोळे भरून आले तसे तिने बाहीने पुसले, कारण माप नीट दिसायला हवं होतं.

ढकलत आणलेल्या गाडीला त्याने अंगणातच चाक बसवलं. गाडी सुरू झाली, फाटकाबाहेर गेली. चेन कुठेही घासली नाही.

बाबा दारात येऊन कान देऊन ऐकत होते. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास! आज लागलं बघ तुझं लक्ष कामात."

"हो बाबा," ती म्हणाली.