पडद्यामागच्या तारेवरची हजेरी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मला कोणाला पटवायचं नाहीये. हे माझ्या सख्ख्या ताईच्या घरात घडलंय आणि त्यातलं शेवटचं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

रविवार. दुपारचे चार. चौथा मजला, दोन खोल्या, खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत.

आमचे भाऊजी एका कंपनीत वजनकाटे दुरुस्त करायचे आणि उरलेला सगळा वेळ हौशी रेडिओवर घालवायचे. आपला सेट, आपली तार आणि हवेतून थेट परगावच्या माणसाशी गप्पा. जुन्या घराच्या गच्चीवर त्यांचा हा उंच खांब होता. आवाज असा खणखणीत जायचा की दर रविवारची हजेरी तेच घ्यायचे. चाळीस जणांची नावं पुकारायची, ज्याने त्याने ‘हजर’ म्हणायचं. सगळे त्यांना हेडमास्तर म्हणत. भाऊजींना ते भारी आवडायचं.

मग बदली झाली. नवा घरमालक नमुनेदार निघाला. गच्चीला कुलूप, आणि बाहेर एक तार दिसली तरी घर खाली करा म्हणाला.

भाऊजी कसले ऐकतात! पंख्याच्या मोटारीत गुंडाळतात ती बारीक तांब्याची तार त्यांनी आणली, पांढरी रंगवली आणि पडद्यांमागून, कपाटावरून, पार बाथरूमच्या माळ्यापर्यंत छताला चिकटवली.

“घर आहे की कोळ्याचं जाळं?” ताई वैतागली.

“कोणाला दिसतंय का? नाही ना? मग झालं तर!”

पहिल्या रविवारी चार वाजता त्यांनी सेट लावला. बोलायचं बटण दाबलं...

दारावरची बेल वाजली.

ताईने दार उघडलं. कोणी नव्हतं.

भाऊजी हसले. अँटेना घरातच असला की आपलाच सिग्नल बेलमध्ये घुसतो, म्हणाले. पण हजेरीत त्यांचा आवाज कोणालाच पोहोचेना. आता हजेरी त्या चाळिसांतलेच दंतवैद्य घ्यायचे; तिथे सगळ्यांना अशीच नावं. भाऊजी पाच-सहा वेळा ओरडले. उत्तर नाही. हजेरी संपली, सगळे गेले. भाऊजी सेट बंद करणार, तेवढ्यात...

खरखरीतून एक आवाज आला. बारीक. म्हातारा.

“दंतवैद्य...”

मग शांतता. नाव पुकारल्यावर उत्तरासाठी थांबतात ना, तेवढीच.

बुधवारी दंतवैद्य गेले. दवाखान्यात खुर्चीशेजारी पडलेले सापडले.

पुढच्या रविवारी तोच आवाज. “पंपवाले...”

पंपवाले म्हणजे पेट्रोलपंप चालवणारे धडधाकट गृहस्थ. बुधवारी गोदामात पाय घसरून पडले, ते उठलेच नाहीत.

त्या संध्याकाळी भाऊजींनी मला बोलावून घेतलं. ताईला आणि मला समोर बसवलं. तो आवाज त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला होता.

पडदेकाकांचा.

काका म्हणजे एका खोलीत एकटे राहणारे म्हातारे घड्याळजी. पडद्याच्या दांडीला तार बांधून बोलायचे, म्हणून हे नाव. आवाज इतका क्षीण यायचा की कान टवकारावे लागत. भाऊजी त्यांची जाम टर उडवायचे. “काका, अँटेना आहे की वाळत घातलेला टॉवेल?”

गेल्या वर्षी एका रविवारी, ऐन हजेरीत, तो आवाज मध्येच आला होता.

“पडलोय... उठता येत नाही... कोणीतरी या...”

कोणी संकटात असेल तर बाकीच्यांनी गप्प बसायचं, हा या लोकांचा पहिला नियम. पण भाऊजींना चाळीस नावं वीस मिनिटांत उरकायची असत. त्याचाच तर त्यांना तोरा होता. काकांचं नेहमीचंच रडगाणं, म्हणून त्यांनी सेटची ताकद वाढवली, काकांच्या आवाजावर आपला आवाज चढवला आणि पुढचं नाव घेतलं. दंतवैद्य आणि पंपवाले खो-खो हसले.

काका बुधवारी सापडले. डॉक्टरांच्या मते मंगळवारपर्यंत जिवंत होते.

“मला शब्द न् शब्द कळला होता गं,” भाऊजी ढसाढसा रडले. “काही कळलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं.”

खोटं कशाला बोलू? गेल्या वर्षीच्या त्या रविवारी मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मीही हसले होते. माझं हसू सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

“ती तार आत्ताच्या आत्ता काढा,” ताई म्हणाली.

“एकदा माफी मागू दे. मग काढतो.”

तिसऱ्या रविवारी आम्ही तिघं सेटसमोर बसलो. भाऊजींनी बटण दाबलं. “काका, चुकलं माझं...”

बेल वाजायला लागली. थांबेचना.

आणि भाऊजींच्या प्रत्येक शब्दावर काकांचा तो आवाज चढत गेला. आता तो बारीक नव्हता. भाऊजी जिवाच्या आकांताने ओरडत होते. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, ओठ हलतायत... आणि हातभर अंतरावर बसून आम्हाला त्यांचं अक्षरही ऐकू येत नव्हतं.

ताईने तार ओरबाडून काढली. मी सेटचा प्लग उपटला. सेट बंद झाला.

तरीही...

“हेडमास्तर...”

बुधवारी ताईने रजा टाकली. दिवसभर त्यांना नजरेआड होऊ दिलं नाही. दुपारी फक्त त्यांचं औषध आणायला खाली उतरली. दुकानात गर्दी होती. अर्धा तास गेला.

भाऊजी बाथरूममध्ये पडले होते. दाराला आतून कडी. तोडेपर्यंत सगळं संपलं होतं.

शेजारच्या बाई पदर तोंडाला लावून सांगत होत्या, “हाका येत होत्या हो. पण इतक्या बारीक... मला वाटलं, खाली रस्त्यावर कोणीतरी आहे. मी टीव्हीचा आवाज वाढवला.”

सेट भंगारात गेला. तारेचे तुकडे करून मी स्वतः फेकले.

परवा रविवारी सव्वाचारला ताईचा फोन आला. नुसती रडत होती.

“ताई, पुन्हा आला का आवाज?”

“हो.”

“कोणाचं नाव घेतलं?”

तिने कसंबसं रडं आवरलं. मग म्हणाली, “नीट कळलं नाही गं.”

ताईला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून येत नाही.

आज मंगळवार. उद्या एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये, म्हणून ती सकाळपासून माझ्या मागे लागली आहे.