शेवटची बोलणारी

टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती वर्गात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा, म्हणून आम्ही तिला टकळी म्हणायचो. तिला त्याचं काही वाटत नसे. कुणी फळ्यावर ते नाव लिहिलं तर ही बया खाली ऐटीत सही ठोकायची. परदेशाच्या सहलीला तिची निवड झाली तेव्हा तिच्या आईने, म्हणजे काकूंनी, माझा हात धरून सांगितलं, "तिकडे हिला बोलायला कुणी मिळालं नाही तर ही आजारी पडेल बघ. तू सोबत आहेस म्हणून मला घोर नाही."

आमच्या कॉलेजचा तिकडच्या एका कॉलेजशी करार होता. इकडची मुलं तिकडे, तिकडची इकडे. एकमेकांचा वारसा बघायचा, समजून घ्यायचा आणि शेवटी त्यावर काहीतरी सादर करायचं. आमच्या गटातल्या कुणाला जुना पूल मिळाला, कुणाला विणकरांची गल्ली. आम्हा दोघींना मिळाली एक भाषा.

भाषा म्हणजे काय, तर एक म्हातारी. डोंगरापलीकडच्या वस्त्यांमधली ती बोली बोलणारी आता ती एकटीच उरली होती. आमच्यासोबत एक दुभाषी दिला होता. पन्नाशीचा, मवाळ, सतत चष्मा पुसणारा माणूस. गेली काही वर्षं तो तिच्याकडे जाऊन शब्द गोळा करत होता. त्याला तिचं बोलणं बरंचसं कळायचं, पण बोलता यायचं नाही. "त्यांच्या बोलीत एक आवाज आहे," त्याने चढ चढताना आम्हाला इंग्रजीत सांगितलं, "घशाच्या तळातून यावा लागतो. मला अजून जमलेला नाही. कुणालाच जमलेला नाही."

ते गाव डोंगराच्या उतारावर होतं. घरं दगडी, रस्ते अरुंद आणि कायम ओले. दुपार कलायच्या आतच धुकं खाली उतरायचं आणि दुकानांतले दिवे लागायचे. म्हातारीची खोली गावाच्या टोकाला, एका बंद पडलेल्या कोठाराच्या वर होती. लाकडी जिना, एकच खिडकी, कोपऱ्यात लोखंडी शेगडी. आत ओल्या लोकरीचा आणि विझलेल्या निखाऱ्यांचा वास. म्हातारी खुर्चीत बसलेली, गुडघ्यांवर घोंगडी. आम्ही आलो तरी तिने मान वर केली नाही.

दुभाष्याने प्रश्न विचारले. ती गप्प. मी आवाज टिपायचं यंत्र मधे ठेवलं. ती गप्पच. मग नेहमीप्रमाणे टकळीला ती शांतता सोसवेना. ती आपल्या भाषेत मलाच काहीबाही सांगायला लागली. इथे किती गारठलंय, आजींचे हात अगदी आमच्या शेजारच्या काकींसारखे दिसतात, असलं काहीतरी. म्हातारीने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. डोळ्यांकडे नाही, टकळीच्या तोंडाकडे. ओठ, दात, जीभ सगळं निरखून पाहिलं, जशी आपण भाड्याने घ्यायची खोली बघतो. मग पुढे वाकून तिने टकळीचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने पाण्याच्या भांड्याकडे बोट केलं आणि एक शब्द उच्चारला.

टकळीने तो परत म्हटला. पहिल्याच फटक्यात. तो घशाच्या तळातला आवाजसुद्धा.

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. टकळी खूश होऊन माझ्याकडे बघत होती. दुभाषी मात्र चष्मा पुसायचा थांबला होता.

वसतिगृहावर परतल्यावर जेवताना टकळी म्हणाली, "ते दे ना गं."

"काय?"

"ते... प्यायचं." तिने पाण्याच्या बाटलीकडे हात केला आणि हसली. "बघ ना, शब्दच सुचेना!"

मीही हसले. म्हटलं, टकळीला शब्द सुचेना, आता जगबुडीच होणार.

पुढचे काही दिवस आम्ही रोज दुपारी तिथे जात होतो. टकळी भराभर शिकत होती. खिडकी, शेगडी, घोंगडी, हात, केस, पाऊस. म्हातारी एक शब्द द्यायची, ही घ्यायची. आणि संध्याकाळी वसतिगृहात त्या सगळ्यांचे आपल्या भाषेतले शब्द तिच्याकडून गेलेले असायचे. आधी वाटलं, नवीन काही शिकताना माणसाचा होतो तसा गोंधळ. पण एकदा मी तिला मुद्दाम विचारलं, "डोक्यावर असतात त्यांना काय म्हणतात?" तिने स्वतःचे केस मुठीत धरले आणि कितीतरी वेळ माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"मला माहीत होतं ना गं ते?" ती म्हणाली. "मला यायचं ना?"

मी तिला म्हटलं, उद्यापासून जायचं नाही. तिनेही मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी धुकं उतरायला लागलं तशी ती उठली आणि चपला घालायला लागली. मला तिला एकटीला सोडवेना, म्हणून मीही गेले.

त्या दिवशी म्हातारी शब्द देत नव्हती. टकळीचे दोन्ही हात हातात घेऊन ती खालच्या आवाजात एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. समजूत काढावी तसं. मी दुभाष्याला विचारलं, "काय म्हणतेय?"

त्याने ऐकलं. परत ऐकलं.

"जागा कर, म्हणतेय."

"कसली जागा?"

"तेवढंच म्हणतेय... आत जागा कर. थोडी अजून."

मी टकळीला हाताला धरून ओढतच खाली आणलं. वाटेत ती एक अक्षर बोलली नाही. रात्री काकूंचा फोन आला. टकळीने तो कानाला लावला, पलीकडून काकू नेहमीसारख्या बोलत होत्या, जेवलीस का, स्वेटर घालतेस का, आणि ही नुसती ऐकत होती, परक्या देशातल्या रेडिओवरच्या बातम्या ऐकाव्यात तशी. शेवटी मीच फोन घेतला आणि तिचा घसा बसलाय असं सांगितलं.

सकाळी मी सगळं कॉलेजातून आमच्यासोबत आलेल्या मॅडमना सांगितलं. मॅडम शहाण्या होत्या, त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. टकळीला खोलीत झोपवलं, डॉक्टरला निरोप दिला आणि परतीचं तिकीट अलीकडे आणायच्या खटपटीला लागल्या. दुपारी मी तिच्यासाठी गरम दूध घेऊन गेले तर पलंग रिकामा होता.

मी दुभाष्याला गाठलं आणि आम्ही दोघं धुक्यातून पळत सुटलो. पुढचा दगडसुद्धा दिसत नव्हता. कोठाराचं दार उघडं होतं. वरून बोलण्याचा आवाज येत होता. एकच आवाज, ओघवता, मध्येच हसणारा. बोली म्हातारीची होती. पण आवाज टकळीचा.

जिन्यातच दुभाष्याने माझा दंड धरला. "मला नाही यायचं वर," तो म्हणाला. तरी आला.

टकळी शेगडीपाशी उभी होती. हात शेकत, पाय उचलून बघत, स्वतःशीच बोलत. आम्ही आलेलं तिला कळलंसुद्धा नाही. म्हातारी खुर्चीत एका अंगाला कलली होती. तिचा श्वास घरघरत होता. मी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले, कारण तिने माझ्याकडे हात केला होता. तिचे ओठ हलत होते. मी कान जवळ नेला.

"अगं..." ती म्हणाली.

आपल्या भाषेत. जशी टकळी म्हणायची, शेवट थोडा लांबवून.

"अगं... मला घरी घेऊन चल ना. आई वाट बघत असेल..."

माझ्या हाताला तिची बोटं घट्ट रुतली होती. मी तिला टकळीचं खरं नाव घेऊन हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी ओळखीचं पाहिलं. तोंड उघडलं. तिला खूप काही बोलायचं होतं, हे दिसत होतं. पण त्या म्हाताऱ्या छातीत तेवढा दम उरला नव्हता.

मी तशीच बसून राहिले. दुभाष्याने येऊन तिचे डोळे मिटले. टकळीने एकदा वळून खुर्चीकडे पाहिलं आणि घोंगडी नीट वर ओढून घातली, शेजारणीच्या अंगावर घालावी तशी. मग ती दाराकडे निघाली. जिना धडाधडा उतरली, परत वर आली, परत उतरली. खालून तिचं हसणं ऐकू येत होतं.

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

दुभाषी भिंतीला टेकला होता. "गुडघे..." तो म्हणाला. "गुडघे दुखत नाहीत म्हणतेय."

आम्ही तिला घरी आणलं. ती विमानात खिडकीला नाक लावून बसली होती. विमानतळावर काकू धावत आल्या आणि तिला मिठी मारली. तिनेही मारली. घट्ट. काकूंच्या पाठीवरून हात फिरवला. त्या रडायला लागल्या तसे तिने त्यांचे डोळे पुसले. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, किती मायेची पोर आहे.

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. मेंदूत काही नव्हतं. एकाने मानसिक धक्का म्हटलं, दुसऱ्याने वाट पाहा म्हटलं. टकळी शांत होती. खायची, झोपायची, घर झाडायची, गॅलरीत उन्हात बसून त्या भाषेत हळू आवाजात बोलायची. आपलं एक अक्षर तिला कळत नव्हतं.

शेवटी मला राहवेना. एके दिवशी काकू एकट्या असताना मी त्यांना सगळं सांगितलं. म्हातारी काय बोलली तेसुद्धा. काकू कपडे घडी घालत होत्या. त्यांचा हात थांबला.

"म्हणजे माझी पोर तिकडे मेली," त्या म्हणाल्या. "एका म्हातारीच्या अंगात. आणि मी इथे दुसऱ्याच कुणाला तरी जेवायला वाढतेय. असं म्हणायचंय तुला?"

त्यांनी हातातला कपडा खाली ठेवला.

"तिच्या पाठीवर तीळ आहे. तो मी आंघोळ घालताना पहिल्यांदा पाहिलाय. ती झोपेत तोंडाशी मूठ धरते, अजून धरते. ती माझी आहे. बोलता येत नसेल तिला माझ्याशी, तर मी शिकेन तिचं. मला काय लहान मुलाचं बोलणं शिकायला वेळ लागला होता?"

"काकू, नका शिकू." मी त्यांचा हात धरला. "पाया पडते तुमच्या. तिचा एकही शब्द घेऊ नका."

त्यांनी माझ्याकडे पाठ केली. "तू येत जाऊ नकोस आता," त्या म्हणाल्या.

नंतर बऱ्याच दिवसांनी, एका रविवारी सकाळी, काकांचा फोन आला. टकळीचे वडील, शाळेत गणित शिकवतात. मोजकं बोलणारा माणूस. "जमलं तर येऊन जा," एवढंच म्हणाले.

दार काकूंनी उघडलं. त्या छान दिसत होत्या, केसांत फूल होतं. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी माझ्या गालाला हात लावला, तोंड उघडलं आणि थांबल्या. कपाळाला आठी पडली. हवेत काहीतरी चाचपडल्यासारखी त्यांची बोटं हलली. मग काकू त्या दुसऱ्या बोलीत दोन शब्द म्हणाल्या, घशाच्या तळातल्या आवाजासकट, आणि हसत हसत आत निघून गेल्या.

काका बाहेरच्या खोलीत बसले होते. दाढी वाढली होती. टेबलावर त्यांचा चहा निवून त्यावर साय धरली होती.

"महिना झाला," ते म्हणाले. "आधी भांड्यांची नावं गेली. मग माझं. परवा मी तिला आमच्या लग्नातली गंमत सांगितली. पुरोहिताचा चष्मा हरवला होता ती. ती हसली पण. कळलं काहीच नाही तिला." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "दोघी सुखात आहेत गं. दिवसभर गप्पा चालतात. मीच आपला... हॉटेलात उतरल्यासारखा."

"काका, तुम्ही माझ्या घरी चला."

"कशाला? बायको आणि मुलगी इथे आहेत माझी." त्यांनी स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे पाहिलं. "मला त्या शिकवतही नाहीत. एकदा मी होऊन विचारलं. हिने माझ्या तोंडात डोकावून पाहिलं आणि मान हलवली."

मला रडू फुटलं. डोळे पुसत मी उठले आणि खिडकीशी गेले तर खाली अंगणात टकळी दिसली. उन्हात उभी राहून ती दोरीवर चादर वाळत घालत होती. म्हणजे आत काकू एकट्याच होत्या.

आणि आत बोलणं चालू होतं. काकू त्या बोलीतला एकेक शब्द सावकाश, लाडाने उच्चारत होत्या. त्यांच्यामागून एक इवलासा आवाज तो शब्द म्हणत होता. बोबडा. नुकतं बोलायला लागलेल्या मुलाचा.

त्या घरात लहान मूल नाही. त्या मजल्यावरच नाही. आत जे कुणी शिकत होतं, त्याला अजून अंगच नव्हतं.

मी काकांकडे पाहिलं. ते निवलेल्या चहावरची साय चमच्याने बाजूला करत होते, कान दाराकडे लावून.

आतला तो आवाज एका शब्दाला अडखळला. काकू हसल्या, त्यांनी तो पुन्हा म्हणून दाखवला. थोडा वेळ काहीच नाही... मग त्याने तो म्हटला. या वेळी बरोबर.